शाळेचे मैदान आणि समाजाचे ऋण : कराडचे टिळक हायस्कूल व खाशाबा जाधव

पनवेल सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की पळस्पे फाट्याच्या पुढे कोनचा परिसर लागतो. जुना मुंबई-पुणे रस्ता येथूनच घाटाकडे जातो, आणि द्रुतगती महामार्गही जवळूनच धावतो. हाच जुना रस्ता पुढे पुणे, सातारा ओलांडून कृष्णाकाठच्या कराडला पोचतो आणि तेथून कोल्हापूर गाठतो. मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि बाजारपेठांत राबण्यासाठी सातारा-कोल्हापूरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने आली. २०१६ साली गिरणी कामगारांसाठी ज्या घरांची सोडत निघाली, ती घरेही कोन येथीलच. त्यामुळे कराड हे नाव कोनच्या परिसरातील अनेक कुटुंबांना परके नाही.

या रस्त्यावरील कराड गावात एक हायस्कूल आहे. राजवाड्याचा थाट नाही, साहेबी शाळांसारखी हिरवळीची विस्तीर्ण मैदाने नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतून पायी चालत येणाऱ्या मुलांची, मराठी माध्यमाची ही शाळा. तिचे नाव टिळक हायस्कूल. या शाळेच्या एका विद्यार्थ्याने १९५२ साली स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. ते पदक कोणाकोणाच्या पैशांतून, श्रमांतून आणि विश्वासातून उभे राहिले, याचा इतिहास पदकाइतकाच मोलाचा आहे. समाजाच्या देणगीवर उभ्या असलेल्या आणि सुवर्णमहोत्सवाचा टप्पा गाठणाऱ्या कोणत्याही न्यासाने तो आवर्जून आठवावा, असा आहे.

मल्लविद्या आणि जैन परंपरा

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या स्मरणिकेत कुस्तीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जैन पुराणांतच सापडते. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे पुत्र भरत आणि बाहुबली राज्यासाठी समोरासमोर उभे ठाकले, दोन्ही बाजूंची सैन्ये सज्ज झाली. तेव्हा सुज्ञ मंत्र्यांनी विचार केला की, भावाभावांच्या कलहात हजारो निरपराध सैनिकांचा बळी का जावा? म्हणून दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे, असे ठरले. रक्ताचा थेंबही न सांडता निर्णय व्हावा, यासाठी येथे मल्लयुद्धाची योजना झाली. तिन्ही युद्धांत बाहुबली विजयी झाले. परंतु विजयाच्या क्षणीच त्यांना वैराग्य आले आणि त्यांनी राज्याचा त्याग केला.

कुस्तीच्या आखाड्यातही हीच मर्यादा पाळली जाते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावायची, त्याला जायबंदी करायचे नाही. सलामी हस्तांदोलनाने होते, शेवट आलिंगनाने. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन कुटुंबांत तालमीची आवड पूर्वापार चालत आली, यात म्हणूनच नवल वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावर भगवान बाहुबलींची अठ्ठावीस फूट उंचीची भव्य मूर्ती आहे आणि आचार्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले गुरुकुलही आहे. याच कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झालेल्या या पुरुषाला तरुणपणी कुस्तीचा आणि पोहण्याचा मोठा नाद होता. कराडच्या मातीशी त्यांचे नाते पुढे ओघाने येईलच.

कृष्णाकाठचे गाव आणि गावची शाळा

कराड हे कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांच्या प्रीतिसंगमावर वसलेले गाव. भोवती काळी सुपीक जमीन, ऊस आणि भुईमुगाची शेते, आणि प्रत्येक खेड्यात एक तालीम. पहाटे नदीवर पोहणे, नंतर जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, आणि यात्रेच्या दिवसांत गावोगावच्या फडात नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंतची इनामे, असा येथील तरुणांचा शिरस्ता होता.

टिळक हायस्कूलने या गावाला इंग्रजी शिक्षणाचे दार उघडून दिले, आणि शिक्षणाबरोबर राष्ट्रीय विचारही दिला. पुढे संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण याच शाळेचे विद्यार्थी. शाळेत असतानाच स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेऊन १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते पुन्हा त्याच शाळेत बसले आणि मॅट्रिक झाले. तुरुंगात जाऊन आलेला मुलगा परत वर्गात बसू शकतो, हे त्या काळी सोपे नव्हते. शाळा सरकारी रोषाला भिणारी असती, तर ते घडले नसते.

याच कराड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याआधी त्यांनी कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे कंदील गावोगाव विकण्याचे काम केले होते. त्या निमित्ताने खेडोपाडी फिरताना कंदिलापेक्षा शिक्षणाच्या प्रकाशाची गरज अधिक आहे, हे त्यांना उमगले. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या अन्नासाठी स्वतः श्रम करीत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली.

कमवा आणि शिका हा कर्मवीरांचा मंत्र सर्वांना ठाऊक आहे. त्यामागील शारीरिक श्रमाचा आणि आरोग्याचा विचार मात्र फारसा सांगितला जात नाही. मुलांनी विहीर खणावी, शेत नांगरावे, भिंती रचाव्यात, सकाळ-संध्याकाळ व्यायाम करावा, असा तेथे दंडक होता. खिशात पैसा नसलेल्या मुलाचे पहिले भांडवल म्हणजे त्याचे शरीर, हे कर्मवीर जाणून होते. मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष आज महाराष्ट्रभर पसरला आहे. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय ही त्याचीच एक शाखा.

कराड तालुक्याच्या भूमीने अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गोष्टी शिकवल्या. शिक्षण ही श्रीमंतांची मिरास नाही, ही पहिली. आणि त्याचा खर्च समाजाने उचलायचा असतो, ही दुसरी.

गोळेश्वरचा विद्यार्थी

कराडला लागून असलेल्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरविले. घरात शेती होती, पण सुबत्ता नव्हती.

१९४० ते १९४७ या काळात खाशाबा टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. ही सात वर्षे केवढ्या उलथापालथीची होती, हे वेगळे सांगायला नको. १९४२ च्या आंदोलनाने सातारा जिल्हा पेटून उठला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. रात्री-अपरात्री भूमिगत कार्यकर्ते गावोगाव आसरा घेत. खाशाबांनीही भूमिगतांना आश्रय देण्याच्या आणि त्यांचे निरोप पोचविण्याच्या कामात भाग घेतला. पायांत बळ आणि तोंडाला कुलूप असलेला शाळकरी पैलवान या कामासाठी अगदी योग्य होता. पंधरा ऑगस्ट १९४७ उजाडला तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. ऑलिंपिकच्या मैदानावर तिरंगा फडकावयाचा, हा त्यांचा संकल्प त्याच दिवसांतला, असे सांगतात.

अशा शाळेचे क्रीडाजीवन कसे असते, हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही समजेल. क्रीडासाहित्याची खोली नावालाच असते. खरा सराव घरच्या तालमीत आणि नदीच्या डोहात होतो. शाळा मुलाला वेळ देते आणि त्याला आपले म्हणते. आंतरशालेय सामन्यात जिंकलेल्या मुलाचे नाव प्रार्थनेच्या वेळी पुकारले जाते, आणि त्या एका क्षणाने गावचा मल्ल हा शाळेचा, पर्यायाने तालुक्याचा मल्ल होतो. तालमीच्या वस्तादाने शरीर घडवायचे, गुरुजींनी त्या शरीरात शिस्त आणि ध्येय घालायचे, अशी ही वाटणी होती. खाशाबा कुस्तीबरोबरच पोहणे, धावणे आणि मल्लखांब यांतही तरबेज होते, असे सांगितले जाते. एकाच वेळी पुस्तक आणि आखाडा सांभाळणारा विद्यार्थी त्या काळी कौतुकाचाही विषय होता आणि काळजीचाही. पैलवानकी केली की अभ्यास बुडतो, हा समज तेव्हाही होता. खाशाबांनी मॅट्रिक होऊन पुढे महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तो समज खोटा ठरविला.

कोल्हापूर आणि लंडन

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधून आणि देशभरच्या मल्लांना आश्रय देऊन कोल्हापूरला मल्लविद्येची पंढरी बनविले होते. त्या नगरीत साडेपाच फुटांच्या आतबाहेरची उंची आणि सडसडीत बांधा असलेला हा तरुण कोणाच्या नजरेत भरणारा नव्हता. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घेण्याची त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी पाहून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डीकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून धिप्पाड मल्लांना एकामागून एक चीत केले. त्या दिवसापासून प्राचार्य खर्डीकर या विद्यार्थ्याचे पाठीराखे झाले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांनी सारी कुस्ती लाल मातीत केली होती. मॅटवरची कुस्ती, तिचे गुण आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. मातीत पाय रुततो आणि डाव बसवायला अवधी मिळतो. मॅटवर वेग लागतो आणि गुणांचा हिशेब ठेवावा लागतो. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. एवढ्या अल्प तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. हे यश थोडे नव्हते, पण त्यांचे समाधान झाले नाही. परतल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांसाठी मेहनत दुप्पट केली.

सात हजार रुपयांचे घर

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होताना आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि प्रतिस्पर्ध्याला हरवून त्यांनी आपली जागा मिळविली. परंतु जागा मिळाली तरी प्रवासखर्च कोण देणार? संस्थाने आता विलीन झाली होती. चार वर्षांपूर्वीचा राजाश्रय उरला नव्हता. नव्या लोकशाही राज्याला खेळाडूच्या प्रवासाची जबाबदारी अद्याप आपली वाटत नव्हती. मुंबई सरकारकडून बऱ्याच खटपटीनंतर चार हजार रुपये मिळाले. ते पुरेसे नव्हते.

मग गोळेश्वर आणि कराड परिसर पुढे झाला. खाशाबा आणि त्यांचे हितचिंतक घरोघर, दुकानोदुकान फिरले. कोणी रुपया दिला, कोणी पाच. भुसार व्यापाऱ्यापासून शेतमजुरापर्यंत अनेकांनी आपापल्या परीने भर घातली. तरीही मोठी रक्कम अपुरी पडत होती. अशा वेळी प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

१९५२ सालचे सात हजार रुपये म्हणजे एका शिक्षकाची जन्माची पुंजी. विद्यार्थी हरून परतला असता, तर ते कर्ज कोणी फेडले असते? प्राचार्यांनी आपल्या कुटुंबाचे छप्पर एका विद्यार्थ्याच्या मनगटावर लावले. व्यवहाराच्या तराजूत हे बसणारे नाही. लक्ष्मीबाई पाटलांचे मंगळसूत्र आणि प्राचार्य खर्डीकरांचे घर यांत वीस-बावीस वर्षांचे अंतर आहे, धर्म आणि परिस्थिती भिन्न आहे. पण दोन्ही कृतींमागील भावना एकच आहे. विद्यार्थ्याची झेप शिक्षकाच्या आणि समाजाच्या ऐपतीपाशी अडू नये, ही ती भावना.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली प्रदीर्घ लढत त्यांनी थोडक्यात गमावली. पुढे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव्ह याच्याशी लढण्यास पुकारण्यात आले. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण तेथे आक्षेप घेण्यास एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशाच्या आनंदात कराडच्या मल्लाची बातमी काहीशी बाजूला पडली.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि परतफेड

दिल्ली-मुंबईला कदाचित विसर पडला असेल. कराडला पडला नाही. खाशाबा कराडच्या रेल्वे स्थानकावर उतरले तेव्हा त्यांना नेण्यासाठी शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. ढोल-लेझीम, गुलाल आणि फटाके यांच्या गजरात निघालेल्या त्या मिरवणुकीला एरवी पाव तासाचे अंतर कापण्यास सात तास लागले, असे सांगतात. ज्यांनी एक-दोन रुपये दिले होते, ते त्या दिवशी आपल्याच पदकाची मिरवणूक पाहत होते. बैलजोड्या सजवून आणणाऱ्या शेतकऱ्यांना ऑलिंपिक म्हणजे काय, हे पुरते ठाऊक नसेलही. आपला मुलगा जग पाहून, जिंकून आला, एवढे त्यांना पुरेसे होते.

या इतिहासातील सर्वांत उदात्त भाग मात्र मिरवणुकीनंतरचा आहे. सत्कारांचे हार सुकण्यापूर्वीच खाशाबांनी कोल्हापूरला कुस्त्यांचे मैदान भरविले. त्यात ते स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डीकरांचे सात हजार रुपये फेडून त्यांचे घर सोडविले. पदक मिळाले म्हणजे ऋण फिटले, असे त्यांनी मानले नाही. ऋण हे ऋणच. ते ज्याचे त्याला परत द्यावयाचे, हा शेतकऱ्याच्या घरचा आणि त्यांच्या शाळेचाही संस्कार. दुसऱ्याचे न ठेवणे हे अचौर्याचे व्रत आणि गरजेपेक्षा अधिक न ठेवणे हे अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या समाजाला या वर्तनाचा अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही.

विस्मरणाची वर्षे

पुढील कथा तितकी सुखाची नाही. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची संधी हुकली. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दीर्घकाळ त्यांना बढती मिळाली नाही. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, परंतु निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी ज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला, एवढाच काय तो दिलासा. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२४ पासून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गोळेश्वरातील त्यांचे घर मात्र पूर्वीपासूनच ‘ऑलिंपिक निवास’ या नावाने ओळखले जाते.

महाराष्ट्राला खाशाबांनंतरचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले. तेही एका शिक्षकाचे पुत्र. दोन्ही पदकांची वाट खेड्यातून आणि शिक्षकाच्या घरावरून गेली, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

या इतिहासातून एक कटू सत्यही समोर येते. गाव, शाळा आणि शिक्षक यांनी वेळेवर दिले. शासनाने आणि मोठ्या संस्थांनी दिले ते उशिरा, आणि बरेचसे मृत्यूनंतर. गौरव उशिरा झाला तरी चालतो. मदत उशिरा येऊन चालत नाही. हेलसिंकीचे जहाज आणि विमान कोणासाठी थांबणार नव्हते.

चतुर्विध दान आणि आजचे मैदान

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. खाशाबांच्या चरित्राकडे या चार दानांच्या दृष्टीने पाहिले, तर समाजाने कोठे दिले आणि कोठे हात आखडला, हे स्पष्ट दिसते.

आहार त्यांना घराने आणि गावाने दिला. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. शेतकरी कुटुंबाने स्वतःच्या घासातून तो पुरविला. औषधाच्या बाबतीत ते दुर्दैवी ठरले. खेळाडूच्या दुखापतीवर शास्त्रीय उपचार करण्याची सोय त्या काळी जवळपास नव्हती, आणि एका गुडघ्याने तिसरे ऑलिंपिक हिरावून नेले. ज्ञानदान शाळेने व महाविद्यालयाने केले, पण मॅटवरच्या कुस्तीचे ज्ञान त्यांना मिळाले ते परदेशी भूमीवर, ऐन स्पर्धेच्या तोंडावर. आणि अभयदान, म्हणजे उद्याच्या चिंतेपासून मुक्ती, ते तर त्यांना जन्मभर पुरतेपणी लाभलेच नाही.

आज कोन आणि पनवेल परिसराचे रूप झपाट्याने पालटत आहे. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, नवी कुटुंबे येत आहेत, शाळांच्या तुकड्या वाढत आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी आवश्यक गोष्टींत क्रीडांगणाचा समावेश केला आहे. परंतु कायद्याने मैदानाची जागा मिळते, मैदानात जीव येत नाही. तो येतो भोवतीच्या समाजामुळे. सकाळी मुलांना धावायला नेणारा निवृत्त गृहस्थ, जिल्हास्तरीय सामन्याला निघालेल्या संघाचे एस.टी. भाडे भरणारा दुकानदार, मुलींनाही मैदानावर तेवढीच जागा मिळावी म्हणून आग्रह धरणाऱ्या माता, आणि पडलेल्या मुलाची पट्टी बांधणारा डॉक्टर हे सारे मिळून शाळेचे क्रीडाविश्व बनते. टिळक हायस्कूलची कहाणी वाचताना पदक डोळ्यांत भरते, पण खरे बळ त्या पदकामागील या वर्तुळाचे होते.

जैन न्यासांनी मंदिरे बांधली, धर्मशाळा, पाठशाळा, दवाखाने आणि पांजरपोळ चालविले. परस्परांचा उपकार हा जीवमात्राचा धर्म आहे, या श्रद्धेतून हे सारे उभे राहिले. याच श्रद्धेत शाळेच्या मैदानालाही स्थान आहे. एखाद्या गरजू खेळाडू विद्यार्थ्याचा वर्षभराचा दुधाचा खर्च, त्याच्या दुखापतीचा उपचार, चांगल्या प्रशिक्षकाकडे जाण्याचे भाडे आणि अपयश आले तरी शिक्षण थांबणार नाही याची हमी, ही आजच्या काळातील चतुर्विध दानेच होत. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. कराडच्या लोकांनी रुपया-दोन रुपयांनीच सुरुवात केली होती.

न्यासाच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा मागे वळून हिशेब पाहण्याचा आणि पुढील पन्नास वर्षांचे खाते उघडण्याचा असतो. त्या खात्यात शाळेच्या मैदानाच्या नावे एक पान राखून ठेवावे. कोणता मुलगा किंवा कोणती मुलगी पुढे जाईल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. प्राचार्य खर्डीकरांनाही घर गहाण ठेवताना ते ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, समोर उभा असलेला विद्यार्थी प्रामाणिक आहे आणि त्याची वेळ निघून चालली आहे.